एकवीस दिवसांची ऊब

खुडूक कोंबडी अंड्यांवर २१ दिवस बसते. पोटाखाली साधारण ३७.५ अंश सेल्सिअस ऊब राखत ती चोचीने अंडी सतत फिरवते. न फिरवल्यास गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटून मरू शकतो. म्हणून इन्क्युबेटरमध्येही १८व्या दिवसापर्यंत अंडी फिरवावीच लागतात. सातव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि एक काळा ठिपका दिसेल. तो पिल्लाचा डोळा!

शेवटी पिल्लू बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत पहिला श्वास घेतं, मग कवच फोडतं. याला कित्येक तास लागतात. घाईने कवच सोलू नका. शिरांतलं रक्त आणि उरलेला बलक अजून त्याच्या शरीरात ओढला जात असतो. त्याच बलकावर पिल्लू पुढचे दोन दिवस तग धरतं.