गाडी ओढत नाही? कार्ब्युरेटर खोलण्याआधी टायमिंग बघा!
जुन्या मारुती ८००चा पिकअप गेलाय, सायलेन्सरमधून फटाके फुटतायत? दोष दरवेळी कार्ब्युरेटरचाच नसतो.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो आणि त्याच हिशेबाने व्हॉल्व्ह उघडतात. दोघांना जोडणारा टायमिंग बेल्ट एक दात जरी सरकला, तरी हा हिशेब चुकतो.

तपासायचं कसं? इंजिन बंद ठेवून बेल्टचं कव्हर काढा आणि पान्याने क्रँक फिरवा. कॅम आणि क्रँकच्या खुणा एकाच वेळी आपापल्या निशाणासमोर यायला हव्यात. नसतील तर मेकॅनिककडून खुणा जुळवून बेल्ट नीट ताणून बसवून घ्या. मग हाताने दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा बघा. फेरा अडला तर जोर लावू नका.

बेल्ट तुटला असेल तर सेल्फ अजिबात मारू नका. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि बेल्टचं काम थेट हेड खोलण्यावर जातं.