दारू सोडल्यावरचे पहिले चार दिवस जपा



बैठकीत बचतीचा हिशोब झाला की विषय घरातल्या दारूवर येतोच. "मालकांनी माळ घातली, दारू सोडली" असं कुणी सांगितलं की सगळ्यांना आनंद होतो. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर पहिले चार-पाच दिवस धोक्याचे असतात.

दारू मेंदूला मंद करते. म्हणून जीभ अडखळते, तोल जातो. रोजच प्यालं तर मेंदू जागं राहण्यासाठी उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्यानं दोर एकदम सोडला की आपण मागं आदळतो ना? तसंच इथं होतं. दारू थांबते, मेंदूचा जोर मात्र चालूच राहतो.

मग पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना नसलेली माणसं दिसतात, आपण कुठं आहोत ते कळत नाही. ही बाहेरची बाधा नाही. अंगाऱ्यात वेळ घालवू नका, जीव जाऊ शकतो. लगेच १०८ ला फोन करा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका.

त्यापेक्षा सोडायच्या आधीच सरकारी दवाखान्यात दाखवा. रोज किती पितात, शेवटची कधी प्याले, हे न लाजता खरं सांगा. डॉक्टर काही दिवस मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. हे जीवनसत्त्व फार कमी पडलं तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

आता आपली मिश्री! बिडी, तंबाखू, मिश्री, तिन्हींत निकोटीन असतं. बिडीतून ते काही सेकंदांत मेंदूत पोचतं, मिश्रीतून हिरडीवाटे सावकाश. "मिश्री लावली नाही की डोकं धरतं" म्हणतो, ती मेंदूला लागलेली सवय. पण तंबाखू एकदम बंद केली तरी जिवाला धोका नसतो. चिडचिड होते, तीन-चार आठवड्यांत ओसरते. बिडीनं लकव्याचा धोका वाढतो, सोडल्यावर तो कमी होत जातो.

मोफत सल्ला फोनवर मिळतो. दारूसाठी १४४४६, तंबाखूसाठी १८००-११-२३५६.

आणि एक करा. ज्या ताईच्या घरी कुणी दारू सोडतंय, तिच्याकडं ते चार दिवस गटातल्या दोघींनी सकाळ-संध्याकाळ चक्कर मारा. रात्री तिला एकटीला जागू देऊ नका.