पिळाच्या जंतूची गोष्ट

बसा पोट्टेहो, जवळ बसा. आज वाघाची गोष्ट नाही. आपल्या जंगलात माणसाच्या कातडीत राहणारा, आणि आता तिथे न राहणारा, असा एक जीव होता. त्याची गोष्ट सांगतो.

माजरीहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की भांदक लागतं, मग चंद्रपूर. बल्लारशाहून पूर्वेला जंगल दाट होत जातं. आलापल्ली, एटापल्ली, शेवटी भामरागड. हे सगळं पूर्वी आपल्याच चांदा जिल्ह्यात होतं, गडचिरोली वेगळा झाला 1982 मध्ये. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की आजही भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा आडवाटेच्या पाड्यांवरच्या लहान पोरांना कातडीचा एक रोग व्हायचा. डॉक्टर त्याला यॉज म्हणतात. सरकारी कागदांत त्याला ‘माडिया रोग’, ‘गोंडी रोग’ अशीही नावं होती. मला ती नावं कधीच पटली नाहीत. रोग माडियांचा नव्हता आणि गोंडांचाही नव्हता. जिथे साबण, स्वच्छ पाणी आणि डॉक्टर पोचले नाहीत तिथल्या पोरांचा तो रोग. म्हणून तर समुद्रापार पश्चिम आफ्रिकेत, घाना, आयव्हरी कोस्ट, टोगो, बेनिन इथल्या जंगलगावांतल्या पोरांनाही तोच होतो. आणि तिथे तो अजून आहे.

आता त्या जंतूकडे बघू. सुताराचं गिरमिट लाकडात फिरत फिरत शिरतं ना, तसा हा अंगाला पीळ देत कातडीखालच्या मऊ मांसात घुसतो. लांबी मिलिमीटरचा साधारण शंभरावा भाग. जाडी इतकी कमी की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. मागची बाजू काळी ठेवून प्रकाश तिरपा सोडला, की मग काळोखात वळवळणारा चंदेरी पीळ दिसतो. 1905 मध्ये कोलंबोत आल्डो कास्टेलानी नावाच्या इटालियन डॉक्टरने तो पहिल्यांदा ओळखला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये उपदंशाचा, म्हणजे गर्मीच्या रोगाचा जंतू सापडला होता. दोघे इतके सख्खे, की त्यांच्या जनुकांच्या लिखाणात हजार अक्षरांमागे एक-दोन अक्षरांचाच फरक पडतो. पण यॉज त्या वाटेने पसरत नाही. एका पोराच्या ओल्या जखमेचा द्रव दुसऱ्या पोराच्या खरचटलेल्या पायाला लागला, एवढं त्याला पुरतं. खेळताना पाय घासले जाणारच, म्हणून पंधरा वर्षांखालची पोरंच याच्या तावडीत जास्त सापडतात.

एवढा घुसखोर जीव, पण बाहेर आला की पार दुबळा. वाळलं की मेला, मोकळी हवा लागली की मेला. त्याच्याजवळ जनुकं जेमतेम हजार. पोटापाण्याच्या कितीतरी गोष्टी त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, माणसाच्या पेशींकडून घ्याव्या लागतात. मातीत राहत नाही, पाण्यात राहत नाही, डासामाशीच्या पोटात वाढत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

शिरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी पायावर एक लाल, दाणेदार, ओलसर गाठ येते. खाजते, पण फार दुखत नाही. काही महिन्यांत आपोआप बरी होते. आईला वाटतं, गेलं एकदाचं. पण तोवर जंतू रक्तातून अंगभर गेलेला असतो. त्याच्या अंगाच्या बाहेरच्या बाजूला प्रथिनं इतकी कमी, की आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना धरायला काही हातालाच लागत नाही. मग अंगभर गाठी उठतात, रात्री हाडं ठणकतात, तळपायाला अशा भेगा पडतात की पोरगं पाय तिरपा टाकत चालतं. तेही ओसरतं. नंतर पाच-पाच वर्षं काही नाही. आणि उपचार न झालेल्या शंभरातल्या दहाएक जणांत तो परत उठतो. नडगीचं हाड पुढे बाक काढतं, नाकाची कूर्चा झडते. जीव जात नाही, पण चेहरा आणि चाल कायमची बिघडते. दहा वर्षांच्या पोरीचं हे व्हावं, आणि तेही एका सुईने टळत असताना, हे मला सहन होत नाही.

हो, एका सुईने. आणि त्यामागचं विज्ञान फार देखणं आहे. पेनिसिलिन जंतूला मारतं ते तो वाढत असताना, त्याचं बाहेरचं कवच नीट बनू न देता. पण हा आळशी जंतू. आपल्या आतड्यातला एखादा जंतू पोषक जागी वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला तीस तासांच्या वर लागतात. साधं पेनिसिलिन काही तासांत लघवीवाटे निघून जातं, तोवर याने कूसही बदललेली नसते. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी बेंझाथिन पेनिसिलिन तयार केलं. ते कुल्ल्याच्या स्नायूत सावकाश विरघळतं आणि दोन-तीन आठवडे रक्तात थोडं थोडं उतरत राहतं. जंतू कधीही वाढायला उठो, औषध तिथे हजर. सत्तर वर्षं झाली, पेनिसिलिनपुढे हा जंतू अजून टिकलेला नाही.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर जगाने ठरवलं, हा रोग संपवायचा. 1952 ते 1964 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने 46 देशांत सुमारे पाच कोटी लोकांना सुया दिल्या. रोग शंभरावरून पाचावर आला. आणि तिथेच हात सैल पडले. एका दिसणाऱ्या रुग्णामागे कितीतरी जण असे असतात की ज्यांच्या अंगावर काहीच नाही, पण आत जंतू झोपलेला आहे. त्यांच्यातून तो परत उठला. 1970 च्या दशकाअखेर पश्चिम आफ्रिकेत पुन्हा पोरांच्या पायांवर त्याच गाठी.

आपल्याकडे दुसरा डाव 1996 मध्ये ओडिशातल्या कोरापुटपासून सुरू झाला आणि मग महाराष्ट्रासह इतर राज्यांच्या आदिवासी जिल्ह्यांत पसरला. आरोग्य कर्मचारी पायी पाड्यापाड्यावर गेले, पोरांचे पाय बघत. एक रुग्ण सापडला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या-खेळणाऱ्या सगळ्यांना सुई. अंगावर काही नसलेल्यांनाही, कारण झोपलेला जंतू तिथेच असायचा. 1996 मध्ये साडेतीन हजारांवर रुग्ण होते. 2003 मध्ये 46. त्यानंतर एकही नाही.

“आबाजी, मग घानात सुई का देत नाहीत?”

देतात, आणि आता गोळीही देतात. 2012 मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या अभ्यासातून कळलं की ॲझिथ्रोमायसिनचा एकच डोस तोंडावाटे दिला तरी सुईइतकंच काम होतं. अख्ख्या गावाला एकदम गोळी देता येते. पण पापुआ न्यू गिनीतल्याच लिहीर बेटावर पुढे या गोळीला न जुमानणारा जंतू काही जणांत सापडला. शिवाय आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात माकडांच्या अंगातही याच जातीचा जंतू निघाला. माकडाकडून माणसाला तो लागल्याचा पुरावा नाही, पण शास्त्रज्ञ दोघांतल्या जंतूंची जनुकं ताडून बघताहेत.

“आणि आपल्याकडून तो गेला, हे कसं कळलं? दिसत तर तो आधीही नव्हता!”

हा प्रश्न खरा! आहे ते दाखवता येतं, नाही ते कसं दाखवायचं? रक्त तपासायचं म्हटलं तर एकदा यॉज झालेल्याच्या रक्तात त्याची खूण बहुधा जन्मभर राहते. म्हाताऱ्यांचं रक्त तपासून जुनाच इतिहास कळणार. म्हणून डॉक्टर गेले पाच वर्षांखालच्या पोरांकडे. शेवटच्या रुग्णानंतर जन्मलेली पोरं. जंतू मातीत, पाण्यात किंवा डासामाशीत राहत नाही, हे मघाशी सांगितलं ना? तो पाड्यात कुठे लपून फिरत असेल, तर या पोरांपैकी कुणाच्या तरी रक्तात खूण उमटायलाच हवी. जिथे रोग होता त्या गावांत वर्षानुवर्षं चिमुकल्यांच्या रक्ताचे थेंब तपासले. खूण निघाली नाही. मे 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त असल्याचं मान्य केलं. गोळी आल्यानंतरच्या जगभरच्या नव्या मोहिमेत असं प्रमाणपत्र मिळवणारा आपला देश पहिला. घानातल्या चिमुकल्यांच्या रक्ताची अशी तपासणी व्हायची ती शेवटचा रुग्ण बरा झाल्यावरच, आणि तो शेवटचा रुग्ण शोधायला तिथले आरोग्य कर्मचारी अजून गावोगाव फिरताहेत.