खांदापालट

'पावनखिंड' पाहिला तेव्हा शेजारी माझे वडील, आमचे दादा, बसले होते. आमचं गाव हिरडस मावळातलं. खिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंचं शिंद गावही भोर तालुक्यातलंच, त्यामुळे ही गोष्ट आम्हाला घरची. २०२२ च्या त्या सिनेमात शिवाजी महाराजांची पालखी भर रात्री धावू लागली आणि दादा कानाशी लागून म्हणाले, "खांदापालट कुठं करत्यात रं?"

हे विचारायचा त्यांना अधिकार आहे. गावाला गाडीरस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला झोळीत घालून त्यांनी भोरला नेलंय. वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांवरही हीच रीत होती. दोघं बांबूला, चार-सहा जण मोकळे. पावसाळ्यात हाकेच्या अंतरावर खांदा बदलावा लागे. उतारावर सगळा भार पुढच्यावर येई, पायाखालचा चिखल सरके. कुणी बोलत नसे, कारण दम पुरत नसे.

१६६० च्या आषाढ पौर्णिमेला वेढ्यातून पन्हाळा सोडून विशाळगडाकडे निघालेल्या सहाशेएक मावळ्यांनी साठेक किलोमीटरची वाट अशीच तुडवली. म्हणजे घोडखिंडीत, आजच्या पावनखिंडीत, जे उभे राहिले, ते रात्रभर पळून थकलेले होते. मला त्यांचं मोठेपण तिथंच दिसतं. पडद्यावर मात्र तलवार संथ गतीत फिरते आणि एकटा वीर दहा जणांना उडवतो. खरं तर खिंड अरुंद, शत्रूला एकदम अंगावर येता येत नाही, म्हणून थोडक्यांना पुष्कळांना अडवता आलं. त्यात आषाढातला पाऊस. तोड्याच्या बंदुकीची वात भिजली की ती बंदूक कामाची राहत नाही. मग उरतात भाला, तलवार आणि दगड.

'तान्हाजी' सिनेमातली अजस्र तोफ मला म्हणूनच खटकली. ४ फेब्रुवारी १६७० ला कोंढाणा पडला तो रात्री गुपचूप कडा चढून. ती शांतता दाखवायला धाडस लागतं. तसं धाडस 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या युद्धपटात दिसतं; त्याच्या सुरुवातीला ओझ्यानं वाकलेले सैनिक पाण्यात धडपडतात, अनेक जण एकही गोळी न झाडता मरतात. ते पाहताना कुणाला टाळी वाजवावीशी वाटत नाही.

माणसांच्या बाबतीतही खरेपणा हवा. 'हर हर महादेव' हा सिनेमा आला तेव्हा जेधे-बांदलांच्या वंशजांनी त्यातल्या चित्रणाला जाहीर हरकत घेतली. मला ती रास्त वाटते. खिंडीत बाजींच्या बरोबरीनं लढले ते बांदलांचे मावळे. तलवारीच्या पहिल्या पानाचा जेध्यांचा मान महाराजांनी त्यानंतर बांदलांना दिला, असं जेध्यांची कागदपत्रं सांगतात. एवढा मान मिळवलेली माणसं सिनेमात नुसती गर्दी होऊन राहतात.

पुढचा सिनेमा करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आषाढात पन्हाळा ते विशाळगड चाला, खांद्यावर भरली पालखी घेऊन. पटकथा त्यानंतर लिहा.