समुद्र नसलेल्या गावची सायकल-सफर

आमच्या हिंगोलीला समुद्र नाही. कयाधू नदी आहे, पण पावसाळा सरला की तीही अंग चोरूनच वाहते. हे सांगायचे कारण, मुंबईला नोकरी करणारे आमचे चिरंजीव दर रविवारी पहाटे समुद्राच्या कडेने मरीन ड्राइव्हवर सायकल हाणतात, आणि फोनवर त्याचे रसभरीत वर्णन ऐकवतात. एरवी आम्हा बापलेकांचे बोलणे "गोळ्या घेतल्या का?" आणि "घेतल्या" एवढ्यावरच संपते. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेवरून मला दम भरला, तेव्हा तो हसून म्हणाला, "बाबा, तुम्हीही सायकल काढा की! पण तुमच्याकडे जायचं तरी कुठं?"

ते वाक्य मला लागले.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी पहाटे साडेचारला मी जिन्याखालची जुनी सायकल बाहेर काढली. मुक्काम ठरवला औंढा नागनाथ. अंतर सुमारे २५ किलोमीटर. "साठी उलटली तुमची! एस.टी. आहे की," असे सौभाग्यवती म्हणाली खरी, पण धपाटे तिनेच बांधून दिले.

गाव मागे पडले आणि काळोखात सायकलचा आवाज तेवढा उरला. झुंजुमुंजू झाले तशी दोन्ही अंगांची शेते दिसू लागली. कुठे सोयाबीनची गंजी, कुठे कमरेएवढी हिरवीगार हळद. तिच्या रुंद पानांवरून दव टपटपत होते. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण हा ओला, हिरवा वास मोटारीच्या बंद काचेआड कधी आला नव्हता.

अर्ध्या वाटेवर बाभळीच्या काट्याने दगा दिला. पंप होता, पण सोल्युशन नव्हते! दुधाच्या कॅन घेऊन निघालेला एक तरुण थांबला. "काका, एवढ्या पहाटं कुठं?" मी सांगितले. "अन् तेबी सायकलवर?" असे म्हणून तो पुढच्या गावातून सामान घेऊन आला आणि स्वतःच पंक्चर काढून मोकळा झाला. पैसे मात्र घेईना. शेवटी दोन धपाटे घेतले.

पुढे चढ लागला. उतरून, धापा टाकत सायकल ढकलताना औंढ्याजवळच्या दुधाळ्याची आठवण झाली. तिथल्या 'लायगो' प्रयोगशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेझरचा किरण, आणि मोजायचे काय, तर दूरच्या अवकाशातून आलेल्या गुरुत्वलहरींनी अंतरात पडणारा, प्रोटॉनच्याही हजारांश भागाहून बारीक फरक! त्यासाठी जमीन शांत हवी, म्हणून ही जागा निवडली. माझी सायकल ज्या तऱ्हेने खडखडत होती, ती पाहता शास्त्रज्ञांनी मला त्या वाटेला फिरकू दिले नसते.

साडेसातला नागनाथाचे शिखर दिसले. अरुंद वाटेने वाकून तळघरातल्या गाभाऱ्यात उतरलो. गुडघे कुरकुरले, पण उतरलो. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जा म्हणून सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी इथली आख्यायिका. म्हणून नंदी देवळाच्या मागे. लहानपणी ही गोष्ट मी वडिलांकडून ऐकली, ती याच रस्त्यावर, त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून. माझ्या मुलाला मात्र मी ती कधी सांगितली नव्हती. त्याच्या लहानपणी आमच्याकडे स्कूटर आली होती, आणि स्कूटरवर गोष्ट ऐकू येत नाही.

देवळाबाहेर येऊन फोन लावला. गोळ्यांचा विषय निघालाच नाही. मी सांगत गेलो, हळद, काटा, नंदी. तो ऐकत गेला. शेवटी म्हणाला, "दिवाळीत येतोय. दुसरी सायकल मिळेल का कुणाची? आपण दोघं जाऊ. जाऊन-येऊन पन्नास, तुम्हाला आता काय अवघड!"

एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. परतताना मी टेम्पोतून येणार होतो, सायकलसकट. दिवाळीत हे गुपित फुटणार. पण त्याला अजून अवकाश आहे. रोज पहाटे थोडी थोडी तयारी चालू आहे.