मेटल ऐकायचंय? आधी कूलरचं बघा

गारखेड्यातल्या आमच्या रो-हाऊसची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. भाच्याने स्पीकरवर मेटल लावलं की पलीकडे भांडी जरा जोरातच आपटतात. परवा तो म्हणाला, "मामा, भारीतला हेडफोन घेतो. बेस दणदणीत पाहिजे." म्हटलं, "तिथेच फसशील."

मेटलचं मूळ पत्र्याच्या कारखान्यात आहे. चिकलठाणा-वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये राबलेल्यांना ते लवकर उमगेल. १९६५ साली बर्मिंगहॅममध्ये टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या कामगाराच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. त्याने प्लास्टिकची टोपणं करून बोटांवर चढवली, गिटारला बारीक तारा लावल्या. पुढे ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडच्या १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' अल्बममध्ये काही गाण्यांसाठी त्याने तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवरून ६९वर आली.

पण मेटलचा भारदस्तपणा नुसत्या खर्जात नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी जमली की एकाच तारेतून वरचे कितीतरी स्वर झंकारतात, सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये या घोडीवर लिहिलंही होतं. इलेक्ट्रिक गिटारला ही जवारी ॲम्प्लिफायर देतो, पद्धत वेगळी. तो ध्वनिलहरीचे शेंडे छाटतो आणि त्या छाटणीतून नवे स्वर उगवतात. षड्ज-पंचम एकत्र छेडले, म्हणजे ८२ आणि १२३ हर्ट्झ, तर दोहोंच्या फरकाचा ४१ हर्ट्झचा स्वरही निघतो. कुठल्याच तारेवर नसलेला!

त्याखाली दोन्ही पायांनी वाजणारा ड्रम. मिनिटाला २०० मात्रांची लय आणि मात्रेत चार ठोके धरले, तर सेकंदाला तेरा ठोके झाले. दोन ठोक्यांत जेमतेम ७५ मिलिसेकंद. हेडफोनचा पडदा तेवढ्यात शांत झाला नाही, तर ठोक्यांचा गिचका होतो. त्यात आपल्या कानाची रचना अशी, की खर्जाची लहर आतल्या शंखाच्या टोकाला पोचण्याआधी उंच स्वर टिपणाऱ्या भागातून जाते. खर्ज जास्त झाला की जवारी बुजते. बेस फुगवलेले हेडफोन मेटलला नको म्हणतो ते म्हणूनच.

चुंबकांमधल्या सपाट पडद्याचे 'प्लेनर' हेडफोन मेटलवाल्यांचे लाडके. खर्ज नेटका देतात, पण बरेचसे जड असतात; तासाभरात मान बोलते. काही नामांकित हेडफोन ३०० ओहमचे असतात. फोनमधून त्यांना लागेल तेवढं व्होल्टेज सहसा मिळत नाही, म्हणजे ॲम्प्लिफायरचा खर्च वेगळा. आणि रेकॉर्डिंगच चेपलेलं असेल तर लाखाचा हेडफोनही काही करू शकत नाही. मेटालिका बँडच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमवर चाहत्यांनी हीच तक्रार केली होती. उलट, महाग हेडफोनमध्ये तो फाटलेला आवाज जास्तच टोचतो.

दुकानात आपलीच पाठ असलेली गाणी न्या, आवाज कमी ठेवा आणि बेस गिटार ड्रमपासून सुटी ऐकू येते का, एवढं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल फक्त चार.

राहिला प्रश्न उघड्या पाठीचा की बंद. उघड्याचा आवाज मोकळा, पण बाहेरचं सगळं आत येतं. बंदमध्ये मे महिन्यात कान घामाने चिंब. भाचा शेवटी बंदच घेतोय. ताई कूलर बंद करायला तयार नाही.