चामडी आसने, मोटारगाडीतील

मोटारगाडीतील ज्या आसनांचे (बैठकींचे) आच्छादन कमावलेल्या चामड्याचे असते, त्यांना चामडी आसने म्हणतात. ती विशेषेकरून आलिशान मोटारगाड्यांत आढळतात व सुखसोयीचे लक्षण मानली जातात. चामडे हा ‘श्वास घेणारा’ पदार्थ आहे, असे त्याच्याविषयी नेहमी म्हटले जाते. त्यातून हवा व विशेषतः पाण्याची वाफ आरपार जाऊ शकते, असा याचा अर्थ आहे. चामड्याच्या मूळ रचनेपुरते हे खरे आहे. परंतु गाडीतील चामडे टिकाऊ, डागरहित व एकसारखे दिसावे म्हणून त्याच्यावर जी संस्करणे करतात त्यांमुळे हा गुण बराच कमी होतो. म्हणून आसनाचा सुखदपणा केवळ चामड्यावर अवलंबून नसून आच्छादन, गादी व हवेचा मार्ग यांच्या एकत्रित रचनेवर अवलंबून असतो.

इतिहास : घोडागाड्यांच्या काळात चामडे हे मुख्यतः उघड्यावरील बैठकीचे आच्छादन होते. पाऊस, धूळ व चिखल यांना ते दाद देत नसे आणि पुसून स्वच्छ करता येई. म्हणून गाडीवानाची बैठक चामड्याने मढवीत. आतील बंदिस्त भागात बसणाऱ्या मालकासाठी मात्र लोकरी कापड, मखमल किंवा रेशमी वस्त्र वापरीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या बंदिस्त मोटारगाड्यांतही हीच प्रथा चालू राहिली. ज्या गाड्यांत चालक पुढे उघड्यावर बसे त्यांत त्याचे आसन चामड्याचे, तर मागील प्रवाशांचे कापडाचे असे. आज प्रतिष्ठेचे समजले जाणारे चामडे अशा गाड्यांत चाकराच्या वाट्याला येत असे. उघड्या प्रवासी गाड्यांत मात्र हवामानाच्या गरजेमुळे सर्वच आसने चामड्याची असत.

ही जुनी पद्धत काही राजकीय समारंभाच्या गाड्यांत टिकून राहिली आहे. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त २००२ मध्ये बनविलेल्या बेंटली गाडीत मागील आसने लोकरी सॅटीन कापडाची असून चामडे इतर भागांसाठी वापरले आहे. जपानच्या सम्राटांसाठी २००६ मध्ये तयार झालेल्या टोयोटा सेंच्युरी रॉयल या गाडीतही पुढील आसने चामड्याची व मागील लोकरी कापडाची आहेत. लोकर घाम शोषून घेते, अंगाला एकदम गार वा गरम लागत नाही आणि हालचालीने करकरत नाही, हे तिचे गुण या कामी उपयोगी पडतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिव्हिनिल क्लोराइडाचा (पीव्हीसीचा) लेप दिलेले कापड स्वस्तात मिळू लागले. ते पुसण्यास सोपे व टिकाऊ असल्याने सर्वसाधारण गाड्यांतून चामडे मागे पडले आणि महाग गाड्यांपुरतेच उरले. दुर्मिळतेमुळे त्याला प्रतिष्ठा आली. लंडन येथे १८७८ मध्ये सुरू झालेली कॉनोली ही चामडे पुरविणारी संस्था रोल्स-रॉइस, बेंटली, जॅग्वार इ. गाड्यांमुळे प्रसिद्धीस आली; तिचा चामड्याचा कारखाना २००२ मध्ये बंद पडला. भारतात अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांच्या आसनांवर बहुधा ‘रेक्झीन’ या नावाने ओळखले जाणारे लेपित कापडच असे. उन्हाळ्यात ते अंगाला चिकटे, म्हणून त्यावर सुती खोळ किंवा टॉवेल घालीत. शासकीय गाड्यांतील आसनांवर पांढरा टॉवेल अंथरण्याची प्रथा आजही दिसते. ती मानाची खूण झाली असली, तरी घाम शोषून घेणारा थर शरीराजवळ आणणे हे कामही हा टॉवेल करतो.

चामड्याची रचना : जनावराचे कातडे हे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचे बनलेले असते. हे तंतू जुडग्यांच्या रूपात सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असून त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या असतात. वरच्या थरात केसांच्या मुळांची छिद्रे असतात व त्यांमुळे चामड्याला वैशिष्ट्यपूर्ण रवाळ पृष्ठ येते. कमावण्याच्या क्रियेत हे तंतू एकमेकांस रासायनिक बंधांनी जोडले जातात. त्यामुळे ते कुजत नाहीत व वाळल्यावर एकमेकांना चिकटून कडक होत नाहीत [⟶ चर्मोद्योग]. मोठ्या जनावराचे जाड कातडे यंत्राने आडवे चिरून त्याचे थर वेगळे करतात. आसनांसाठी केसांच्या बाजूचा वरचा थर घेतात. त्याची जाडी बहुधा १ ते १·४ मिमी. ठेवतात. एका मोठ्या आलिशान गाडीला आठ-दहा किंवा त्याहूनही अधिक जनावरांची कातडी लागू शकतात, कारण ओरखडे, कीटकदंश व जखमांचे व्रण असलेले भाग वगळावे लागतात.

आसनांच्या चामड्यासाठी क्रोम कमावणी दीर्घकाळ प्रचारात आहे. तिची दोन टप्प्यांची पद्धत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये, तर एका टप्प्याची पद्धत मार्टिन डेनिस यांनी १८९३ मध्ये अमेरिकेत पुढे आणली. क्रोमाने कमावलेले चामडे मऊ असते व उकळत्या पाण्याच्या सुमाराचे तापमानही सहसा सहन करते. अलीकडे ग्लुटाराल्डिहाइडासारख्या द्रव्यांनी केलेली क्रोमविरहित कमावणीही गाड्यांच्या चामड्यासाठी मोठ्या प्रमाणात वापरतात.

अंतिम संस्करण व त्याचे परिणाम : कमावलेले चामडे नुसत्या रंजकाने रंगविले व त्यावर रंगद्रव्याचा थर दिला नाही, तर त्याला ॲनिलीन चामडे म्हणतात. त्याची छिद्रे मोकळी असल्याने ते बाष्प चांगले शोषते व पलीकडे जाऊ देते. कोल्हापुरी वहाणेचे वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले, लेप नसलेले चामडे पायाचा घाम शोषून घेते, तेही याच कारणाने. परंतु अशा चामड्यावर पाणी, तेल व शाई यांचे डाग पडतात, उन्हाने त्याचा रंग उडतो आणि निरनिराळ्या कातड्यांच्या छटा जुळत नाहीत. गाडी घेणाऱ्यास हे दोष चालत नाहीत. म्हणून बहुतेक आसनांच्या चामड्यावर रंगद्रव्ये मिसळलेल्या ॲक्रिलिक व पॉलियुरेथेन रेझिनांचे अनेक पातळ थर देतात. काही वेळा मूळ पृष्ठ घासून त्यावर कृत्रिम रवाळ नक्षी उठवितात. हा लेप जाडीने मिलिमीटरचा काही शतांश एवढाच असला, तरी बाष्पाच्या मार्गात तोच मुख्य अडथळा ठरतो. लेपाची जाडी ०·१५ मिमी. पेक्षा अधिक असल्यास त्या मालाला ‘लेपित चामडे’ म्हणावे, असे आंतरराष्ट्रीय परिभाषेत ठरले आहे. अशा प्रकारे चामड्याचा टिकाऊपणा व त्याची बाष्प-पारगम्यता हे गुण परस्परविरोधी ठरतात. एक वाढविला की दुसरा घटतो.

शरीर व आसन : स्वस्थ बसलेल्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात सु. १०० वॉट इतकी उष्णता निर्माण होते व ती सतत बाहेर जाणे आवश्यक असते. त्वचेतून दिवसाला सु. ३०० ते ४०० मिलि. पाणी घाम आल्याची जाणीव न होताच वाफेच्या रूपाने निघून जाते. १ ग्रॅ. पाण्याचे बाष्पीभवन होताना शरीरातील सु. ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. बसलेल्या स्थितीत पाठ, नितंब व मांड्यांची मागील बाजू आसनाला टेकलेली असल्याने तेथे हवा खेळत नाही. उष्णता व बाष्प या दोहोंनाही आसनातूनच वाट काढावी लागते. ती मिळाली नाही, तर त्वचा व वस्त्र यांमधील आर्द्रता वाढते, कपडे ओले होतात, ओली त्वचा घासली जाते आणि बसणारा अस्वस्थपणे जागा बदलू लागतो. लांबच्या प्रवासात चालकाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ चैनीचा राहत नाही, कारण अस्वस्थतेने थकवा येतो व लक्ष विचलित होते.

चामडे व बाष्प यांचा संबंध दोन प्रकारचा असतो. पहिला म्हणजे बाष्प पलीकडे जाऊ देणे. त्याच्या मापनासाठी सिलिका जेल हे शोषक भरलेल्या बाटलीच्या तोंडावर चामड्याचा तुकडा बसवितात आणि ठराविक तापमान व आर्द्रता असलेल्या खोलीत ती हवेच्या झोतात फिरवीत ठेवतात. बाटलीच्या वजनात होणारी वाढ ही चामड्यातून गेलेल्या बाष्पाची असते. संरक्षक पादत्राणांच्या वरील भागासाठी हा दर दर चौ. सेंमी. ला ताशी किमान ०·८ मिग्रॅ. असावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. दर चौ. मीटरला हे प्रमाण ताशी ८ ग्रॅ. होते. स्वस्थ माणसाच्या त्वचेतून न जाणवता निघणारे पाणीही साधारण एवढेच असते. घाम सुटला म्हणजे मात्र ते अनेक पटींनी वाढते. दुसरा संबंध बाष्प शोषून साठविण्याचा आहे. १ चौ. मी. चामड्याचे वजन सु. १ किग्रॅ. धरल्यास व त्याने आपल्या वजनाच्या ५% अधिक बाष्प शोषल्यास त्यात ५० ग्रॅ. पाणी सामावते. घाम नसताना ही साठवण काही तास पुरते, दर चौ. मीटरला ताशी १०० ग्रॅ. घाम येत असल्यास ती अर्ध्या तासात भरते. म्हणूनच विक्रीच्या दालनात पाच मिनिटे बसून सुखद वाटलेले आसन उन्हाळ्यातील दूरच्या प्रवासात तसेच वाटेल, असे नाही.

गादी : आच्छादनाखालील थरांचे महत्त्व चामड्याइतकेच आहे. जुन्या आसनांत सर्पिल स्प्रिंगांवर घोड्याचे केस, कापूस किंवा रबराने बांधलेला काथ्या पसरीत. या भरणात मोठ्या पोकळ्या असत आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याबरोबर हवा आत-बाहेर होई. ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनाचे रसायनशास्त्र विकसित केले. पुढे त्याचा फेस साच्यात ओतून हव्या त्या आकाराची गादी एका झटक्यात बनविता येऊ लागली. ही गादी हलकी व स्वस्त असते. परंतु फेस उष्णतेचा दुर्वाहक आहे आणि शरीराच्या भाराने दबल्यावर त्यातून हवा सावकाश वाहते. त्यामुळे लेपित चामडे व फेसाची गादी यांच्या जोडीने शरीराची उष्णता कोंडली जाते. यावर उपाय म्हणून चामड्याखाली दोन पृष्ठांमध्ये उभे तंतू असलेले जाड विणीचे कापड घालतात. ते दबले तरी त्यात हवेला आडवी वाट राहते.

छिद्रण व वायुवीजन : चामड्याची गमावलेली पारगम्यता काही अंशी परत मिळविण्यासाठी आसनाच्या मधल्या भागातील चामड्याला यंत्राने सु. १ मिमी. व्यासाची छिद्रे ओळीने पाडतात. कडेच्या उंचवट्यांवर ताण व घर्षण अधिक असल्याने तेथे सहसा छिद्रे पाडीत नाहीत. नुसत्या छिद्रांचा उपयोग मर्यादित असतो, कारण हवा हलविणारी शक्ती नसल्यास आर्द्र हवा तेथेच साचून राहते. साब या स्वीडिश कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या ९-५ या गाडीत आसनात बसविलेल्या विद्युत् पंख्यांनी छिद्रांवाटे हवा ओढून घेण्याची सोय उपलब्ध केली. त्यानंतर ही पद्धत इतर आलिशान गाड्यांत पसरली. काही रचनांत पंखे हवा ओढतात, तर काहींत ती शरीराकडे फेकतात. दोन्हींत हवा गाडीतीलच असल्याने आसन त्या हवेपेक्षा थंड होत नाही. मुख्य लाभ घामाच्या बाष्पीभवनाचा असतो. प्रत्यक्ष थंडाव्यासाठी काही गाड्यांत झां पेल्त्ये यांना १८३४ मध्ये आढळलेल्या ऊष्माविद्युत् परिणामाचा उपयोग करतात. भारतात २०१७ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हर्नासारख्या मध्यम किंमतीच्या गाड्यांतही पुढील आसनांना पंखे देण्यात आले. येथील उष्ण हवामानात ही सोय आसने तापविण्याच्या सोयीपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

उन्हातील वर्तन : बंद गाडी उन्हात उभी राहिल्यास काळ्या चामड्याचे पृष्ठ हात ठेववणार नाही इतके तापते. कापडाचे उभे तंतू त्वचेला मोजक्याच बिंदूंत स्पर्श करतात. गुळगुळीत चामडे मात्र पूर्णपणे टेकते. त्यामुळे तापलेले चामडे अधिक भाजते व थंडीत तेच अधिक गार लागते. सूर्याच्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी अवरक्त प्रारणाच्या रूपात येते. म्हणून अवरक्त किरण परावर्तित करणारी रंगद्रव्ये लेपात मिसळून गडद रंगाचे चामडेही कमी तापेल, अशी योजना करता येते. फिकट रंग, काचेवरील पडदा व सावली हे उपाय त्याहून सोपे आहेत.

निगा व निवड : लेपित चामडे ओलसर मऊ कापडाने पुसणे बहुधा पुरेसे असते. त्यावर तेल किंवा मेणाचे जाड थर दिल्यास ते आत मुरत नाहीत, उलट धूळ धरून छिद्रे बुजवितात. पंखे असलेल्या आसनावर जाड खोळ घातल्यास हवेचा मार्गच बंद होतो. चामड्याच्या मोबदल्यात इतर द्रव्ये वापरण्याकडेही कल वाढत आहे. रेंज रोव्हर व्हेलार या महाग गाडीत २०१७ मध्ये लोकरमिश्रित कापडाचा पर्याय देण्यात आला, तर आपल्या विजेवरील गाड्यांत चामडे न वापरण्याचे व्हॉल्व्हो कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केले. कृत्रिम चामड्याचा लेपही बाष्पाला अडवीत असल्याने केवळ चामडे टाळून सुखदपणाचा प्रश्न सुटत नाही. आसन पारखताना आच्छादनाच्या नावापेक्षा त्यावरील लेप, त्याखालील गादी आणि हवेला ठेवलेली वाट यांचा विचार करणे आणि शक्य असल्यास त्यावर तासभर बसून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.